जिंजात पहिल्यांदा जाताना: तोरीपासून परतीच्या नमस्कारापर्यंत

आई पहिल्यांदा टोकियोला आली तेव्हा मी तिला मेइजी जिंगू या देवस्थानात नेलं. झाडीतून दहा-बारा मिनिटं चालून आम्ही मुख्य वास्तूपाशी पोचलो. आईने पुढे होऊन हात जोडले, टाचा उंचावून आत पाहिलं, एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या बाजूने, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, देव कुठे आहेत?"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. पुढच्या काही वर्षांत मावशी आली, सासूबाई आल्या, पुण्याच्या मैत्रिणी आल्या, आणि प्रत्येकीने आपापल्या शब्दांत तेच विचारलं. म्हणून आता कुणालाही नेण्याआधी मी घरीच सांगून ठेवते, की जिंजात, म्हणजे शिंतो या जपानच्या मूळच्या धर्माच्या देवस्थानात, दर्शन नसतं. आपण देवळात जातो ते देव डोळे भरून बघायला. जिंजातली देवता दाखवायची नसते. सगळ्यात आतल्या भागात बहुतेक ठिकाणी एक आरसा असतो, कुठे तलवार, कुठे दगड. त्या वस्तूत देवतेचा वास आहे असं मानतात. ती कापडात गुंडाळून, पेटीत बंद करून ठेवलेली असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या सेवा करणाऱ्या पुजाऱ्यांनीसुद्धा ती पाहिलेली नसते. एवढं मनाशी धरलं की तिथल्या बाकीच्या रीती आपोआप उलगडतात. सावकाश चालत येणं, हात धुणं, वाकणं, टाळी वाजवणं, हे सगळं स्वतःला स्वच्छ करून कुणाच्या तरी पुढ्यात उभं राहण्यासाठी आहे.

आधी ओळखायचं कसं

जपानमध्ये आलेल्या पाहुण्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. शिंतो देवस्थान म्हणजे जिंजा. मोठी, राजघराण्याशी नातं असलेली काही ठिकाणं जिंगू म्हणवतात, काही ताइशा. बौद्ध मंदिराला तेरा म्हणतात, आणि त्याच्या नावाच्या शेवटी बहुधा 'जी' किंवा 'देरा' येतं: सेन्सोजी, तोदाइजी, कियोमिझुदेरा. प्रवेशाशी दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया अशी चौकट दिसली तर ते जिंजा. त्या चौकटीला तोरी म्हणतात. आपल्याला ऐकताच तोरण आठवतं. जपानी लोक मात्र हा शब्द ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ पक्ष्याची बसण्याची जागा असा होतो. छप्पर असलेलं मोठं दार, उदबत्त्यांचा धूर आणि आत बुद्धाची किंवा कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाची मूर्ती दिसली तर ती तेरा.

फरक कळणं एका साध्या कारणासाठी गरजेचं आहे. जिंजात टाळी वाजवतात, तेरामध्ये वाजवत नाहीत. तिथे शांतपणे हात जोडायचे. सराव करायला टोकियोतल्या आसाकुसासारखी जागा नाही. सेन्सोजी हे बौद्ध मंदिर, आणि त्याला लागूनच आसाकुसा जिंजा. इ.स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली अशी कथा आहे. ते दोघे भाऊ आणि ती मूर्ती आपल्या घरात ठेवून पुजणारा गावचा प्रमुख, अशा तिघांची पूजा शेजारच्या जिंजात होते. मूर्ती एकीकडे आणि ती शोधणारी माणसं देव होऊन दुसरीकडे, हे मला फार आवडतं. हजारभर वर्षं या दोन्ही परंपरा एकाच आवारात मिसळून राहिल्या. १८६८ नंतर मेइजी सरकारने फर्मान काढून त्या वेगळ्या केल्या. सामान्य माणसाच्या मनात त्या आजही पुरत्या वेगळ्या झालेल्या नाहीत. बाळ महिन्याचं झालं की त्याला जिंजात नेतात, आणि घरात कुणी गेलं की बौद्ध भिक्षूला बोलावतात.

इथे देव म्हणजे कोण

त्यांचा शब्द कामी. भाषांतरात आपण देव म्हणतो, पण कामी सूर्य असतो, डोंगर असतो, धबधबा असतो, जुनं झाड असतं, कधी काळी होऊन गेलेला माणूसही असतो. कामी किती, याचं ठरलेलं उत्तर 'याओयोरोझु', म्हणजे शब्दशः ऐंशी लाख. आकडा मोजून आलेला नाही, 'अगणित' एवढाच त्याचा अर्थ. तेहतीस कोटी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

टोकियोच्या युशिमा तेन्जिनमध्ये परीक्षेच्या दिवसांत मुलांची रीघ असते. तिथला कामी म्हणजे सुगावारा नो मिचिझाने, नवव्या शतकातला विद्वान आणि दरबारी. खोट्या आरोपावरून त्याला दूर दाझाइफूला धाडलं, आणि तिथेच ९०३ साली तो वारला. त्यानंतर राजधानीवर एकामागून एक संकटं आली. तो कोपला आहे असं लोकांना वाटलं आणि त्याला शांत करण्यासाठी त्याची पूजा सुरू झाली. आज तो विद्येचा देव आहे. त्याच्या आवारात बसलेल्या बैलाची मूर्ती असते. आपलं जे दुखतं किंवा जे सुधारायला हवं, बैलाचा तोच अवयव लोक चोळतात. मुलं अर्थातच डोकं चोळतात, आणि त्या बैलांचं कपाळ हातांनी गुळगुळीत झालेलं असतं.

निघण्यापूर्वी

एक गोष्ट आधी विचारात घ्या. घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल तर जपानी माणूस जिंजात जात नाही. जवळच्या नात्यात साधारण ५० दिवस हे पाळतात. मृत्यू म्हणजे पाप असं नाही. मृत्यूने माणसाची जीवशक्ती ओसरते आणि त्या अवस्थेत देवापुढे जायचं नाही, असा विचार आहे. आपल्याकडच्या सुतकाशी हे इतकं जवळचं आहे, की सासूबाईंना एका वाक्यात कळलं. परदेशी पाहुण्याला दारात कुणी विचारणार नाही. तरी माहीत असावं.

कपड्यांचा नियम नाही, नेटके असावेत. बूट मात्र चालायला बरे असे घाला, कारण मोठ्या जिंजांच्या वाटेवर जाड खडी अंथरलेली असते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या मंडळींची काठी सोबत घ्या. खिशात सुटी नाणी ठेवा, त्यातही ५ येनची दोन-चार. बहुतेक जिंजांत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मेइजी जिंगू सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं, त्यामुळे वेळ ऋतूप्रमाणे बदलते. थंडीत दुपारी तीननंतर पोचलात तर घाई होईल. माझं मत विचाराल तर सकाळी आठच्या आत जा. त्या वेळी झाडून काढणारी माणसं लांब झाडूने वाटेवरची पानं गोळा करत असतात. ती पानं कचऱ्यात जात नाहीत, परत त्याच जंगलात टाकली जातात.

निशिकासाइच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी सोपा रस्ता असा: तोझाइ लाइनने ओतेमाची, तिथून चियोदा लाइनने मेइजी-जिंगूमाए. जेआर रेल्वेने आलात तर हाराजुकू. दोन्ही स्थानकांपासून पहिली तोरी दोन-तीन मिनिटांवर आहे.

तोरीपाशी थांबा

तोरीखालून जाण्याआधी एक पाऊल अलीकडे थांबा, टोपी काढा, आणि एकदा हलकेच वाका. कुणाच्या घरात शिरताना उंबऱ्यावर थबकतो तसं. मग आत जा, पण वाटेच्या मधोमध चालू नका. मधली वाट कामीची मानतात, माणसांनी कडेने जायचं. गर्दीत हे कुणालाच पाळता येत नाही आणि त्याबद्दल कुणी टोकतही नाही. रिकाम्या वाटेवर मात्र पाळा.

आपल्या लोकांची एक हमखास गडबड इथे होते. तोरी ओलांडली की पाय आपोआप चपला काढायला जागा शोधतात. मावशीने तर सँडल हातातच घेतली होती, आणि खाली टोकदार खडी. जिंजाच्या आवारात पादत्राणं काढत नाहीत. देवतेच्या वास्तूत आपण शिरतच नाही, बाहेरूनच प्रार्थना करतो, म्हणून काढायचा प्रश्न येत नाही. खास विधीसाठी आत बोलावलं तरच काढायची.

आता ही वाट. तिला सांदो म्हणतात, आणि मेइजी जिंगूमध्ये तीच खरी बघण्याची गोष्ट आहे. दोन्ही बाजूंना इतकं दाट जंगल, की आपण शिबुयाच्या शेजारी आहोत हे विसरायला होतं. हे जंगल मात्र माणसांनी लावलेलं आहे. मेइजी सम्राट १९१२ साली वारले, सम्राज्ञी शोकेन १९१४ साली. त्यांच्या नावाने देवस्थान उभारायचं ठरलं तेव्हा इथे बराचसा भाग उजाड होता. देशभरातून लोकांनी साधारण १ लाख झाडं पाठवली आणि गावोगावच्या तरुण मंडळांनी येऊन ती लावली. तेव्हाचे पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू यांना निक्कोसारखी उंच सुगी झाडांची भव्य राई हवी होती. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकू यांनी विरोध केला. टोकियोच्या मातीत आणि धुरात सुगी तगणार नाही, रुंद पानांची सदाहरित झाडं लावा, म्हणजे शंभर-दीडशे वर्षांत जंगल आपल्या पायावर उभं राहील, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं ऐकलं गेलं. १९२० मध्ये देवस्थान सुरू झालं. १९४५ च्या हवाई हल्ल्यात मुख्य वास्तू जळाली, ती १९५८ मध्ये पुन्हा बांधली. आज ७० हेक्टरांचं हे रान स्वतःच बी टाकतं आणि स्वतःच उगवतं.

जिंजाभोवतीच्या अशा झाडीला चिंजू नो मोरी म्हणतात. कोकणात किंवा मावळात देवराई पाहिलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. फांदी तोडायची नाही, शांतता राखायची, आणि गावाचा राखणदार तिथे राहतो हा विश्वास. देवरायांवर जशी कुऱ्हाड आली तशी इथेही आली होती. १९०६ नंतर सरकारने गावोगावची छोटी जिंजा एकत्र करायला घेतली, हजारो बंद झाली आणि त्यांची झाडी विकली गेली. वाकायामाचे निसर्गअभ्यासक मिनाकाता कुमागुसू यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं, भांडले, तुरुंगातही गेले. त्यांच्यासारख्यांमुळे काही राया वाचल्या.

वाटेत उजव्या हाताला साके दारूच्या पिंपांची रंगीत भिंत लागते आणि समोर फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातून आलेली वाइनची पिंपं. दोन्ही अर्पण केलेली. पुढे डावीकडे वळलात की १२ मीटर उंचीची मोठी तोरी येते. आताची तोरी १९७५ ची, तैवानहून आणलेल्या दीड हजार वर्षांच्या सायप्रसच्या लाकडाची. सकाळी तिच्याजवळ उभं राहिलं की लाकडाचा आकार किती प्रचंड आहे ते कळतं. फोटोत ते येत नाही.

हात आणि तोंड धुणं

मुख्य आवारात शिरण्याआधी छपराखाली पाण्याचं कुंड दिसेल. हे तेमिझु. शिंतोमध्ये स्वच्छतेचा विचार सगळ्यात खोल आहे. पूर्वी नदीत किंवा समुद्रात पूर्ण स्नान करूनच पुढे जात. हे कुंड म्हणजे त्याचंच छोटं रूप. लांब दांड्याचं ओगराळं तिथे ठेवलेलं असेल तर क्रम असा आहे, आणि सगळं एकाच ओगराळ्याच्या पाण्यात व्हायला हवं:

१. उजव्या हाताने ओगराळं भरून घ्या आणि थोडं पाणी डाव्या हातावर घाला.
२. ओगराळं डाव्या हातात घ्या, उजवा हात धुवा.
३. परत उजव्या हातात घ्या, डाव्या तळव्याच्या ओंजळीत थोडं पाणी घेऊन चूळ भरा. ओगराळ्याला तोंड लावायचं नाही. पाणी प्यायचं नाही. चूळ कुंडाबाहेर, खाली, आवाज न करता टाकायची.
४. डावा हात पुन्हा धुवा.
५. उरलेलं पाणी सांडेल असं ओगराळं उभं धरा, म्हणजे दांडा धुतला जाईल आणि पुढच्याला स्वच्छ मिळेल. मग पालथं ठेवा.

हातावरचं पाणी परत कुंडात पडू देऊ नका, एवढी एकच चूक लोकांच्या डोळ्यांना खुपते. २०२० नंतर अनेक ठिकाणी ओगराळी काढून बांबूच्या नळीतून वाहतं पाणी सोडलं आहे. तिथे फक्त हात धुवा. चूळ भरायला मन घेत नसेल तर ओला हात ओठांजवळ नेला तरी पुरतं. रुमाल स्वतःचा न्या.

प्रार्थना

समोरची वास्तू हाइदेन, म्हणजे प्रार्थनेचं दालन. देवतेचं घर, होन्देन, तिच्या मागे असतं आणि ते बहुधा दिसतही नाही. आई जिथे टाचा उंचावत होती ते हाइदेन. तिथल्या लाकडी जाळीच्या पेटीत नाणं सोडायचं, लांबून फेकायचं नाही. ५ येनलाच लोक का प्राधान्य देतात? जपानीत ५ येन म्हणजे 'गो-एन', आणि तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ऋणानुबंध. ५ नसेल तर जे असेल ते चालतं.

छोट्या जिंजांत वरून जाड दोर लोंबत असतो आणि त्याला खुळखुळणारी घंटा. असेल तर दोर हलवा. मेइजी जिंगूमध्ये ती नाही. मग दोनदा कमरेतून खोल वाका. हात छातीसमोर आणा, उजवा तळवा डाव्यापेक्षा बोटाच्या पेराइतका खाली घ्या, आणि दोन टाळ्या वाजवा. तळवे जुळवून प्रार्थना करा. हात खाली घ्या आणि शेवटी एकदा वाका. दोन वाकणं, दोन टाळ्या, एक वाकणं, हे पाठ करून ठेवलं की ऐंशी हजारांहून जास्त जिंजांपैकी बहुतेक सगळीकडे चालतं. इझुमो ताइशा आणि उसा जिंगू ही ठळक अपवाद, तिथे टाळ्या चार.

जोडलेल्या हातांनी मनात काय म्हणायचं, हे मी शेजारच्या एका आजींना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, आधी आपलं नाव आणि पत्ता सांगायचा, मग आभार मानायचे, मग मागायचं असेल ते मागायचं. मला पूजेतला संकल्प आठवला. आपणही देशकाल, गोत्र, नाव उच्चारूनच पुढे जातो. मी मराठीतच सांगते, निशिकासाइचा पत्ता सांगते.

प्रदक्षिणा नाही, गंध नाही, तीर्थप्रसाद नाही. रांगेत मागे माणसं उभी असतील तर प्रार्थना अर्ध्या-एक मिनिटात उरका. आवारात फोटो चालतात, पण हाइदेनच्या आतला भाग टिपू नका, आणि कुणाचा विधी चालू असेल तर फोन खिशात. शनिवार-रविवारी मेइजी जिंगूमध्ये हमखास लग्नाची मिरवणूक दिसते. पांढऱ्या पोशाखातली नवरी, डोक्यावर मोठी लाल छत्री, पुढे पुजारी आणि लाल घेर नेसलेल्या मिको, म्हणजे जिंजात सेवा करणाऱ्या तरुणी. बाजूला होऊन वाट द्या.

पाटी, चिठ्ठी, ताईत

बाजूच्या खिडकीत विकायला ठेवल्यासारख्या वस्तू दिसतात, पण तिथे 'विकत घेणं' असा शब्द वापरत नाहीत. 'स्वीकारणं' म्हणतात, आणि पैशाला हात्सुहोर्यो, म्हणजे भाताच्या पहिल्या कणसांचं मोल. पहिलं पीक देवाला देण्याची रीत त्या शब्दात टिकून राहिली आहे.

एमा ही लाकडी पाटी. शब्दाचा अर्थ घोड्याचं चित्र. फार पूर्वी देवाला खरा घोडा वाहत, ज्याला परवडत नसे तो चित्र वाही. त्यावर मागणं लिहून आवारात टांगायचं. मराठीत लिहिलं तर चालतं. मेइजी जिंगूच्या मोठ्या कापूरवृक्षाभोवती टांगलेल्या पाट्यांमध्ये मी देवनागरी अक्षरं अनेकदा पाहिली आहेत. मात्र पूर्ण नाव-पत्ता लिहू नका, शेकडो अनोळखी माणसं वाचतात.

ओमिकुजी म्हणजे भविष्याची चिठ्ठी. दाइकिची सर्वांत शुभ, क्यो अशुभ. अशुभ आली तर तिथल्या तारांवर बांधून यायची. मेइजी जिंगूची चिठ्ठी वेगळी आहे. तिच्यात शुभ-अशुभ नाही, सम्राट किंवा सम्राज्ञी यांनी रचलेली एक वाका कविता असते, सोबत अर्थ. इंग्रजीतही मिळते. एकच चिठ्ठी काढायची असेल तर मी हीच काढायला सांगते.

ओमामोरी हा कापडी पिशवीतला ताईत. परीक्षा, प्रवास, बाळंतपण, वाहन, प्रत्येकासाठी वेगळा. पिशवी उघडून आत बघायचं नाही. साधारण वर्षभराने तो त्याच जिंजात परत द्यायचा, तिथे विधीपूर्वक जाळतात. कचऱ्यात टाकायचा नाही, जसं निर्माल्य आपण टाकत नाही. भारतातून आलेल्यांना परत येणं जमणार नसतं. माझी मैत्रीण तिचा ताईत पुढच्या खेपेला येणाऱ्या भावाबरोबर पाठवते.

गोशुइन जमवणारे पुष्कळ आहेत. घडीच्या वहीत लाल शिक्का आणि त्यावर कुंचल्याने लिहिलेलं देवस्थानाचं नाव व तारीख. बहुतेक ठिकाणी ५०० येन. वही खास त्यासाठीचीच हवी. आधी प्रार्थना करायची, मग वही पुढे करायची. ती भेटीची खूण आहे, आणि नुसता शिक्का घेऊन पळणाऱ्यांबद्दल तिथल्या माणसांना वाईट वाटतं.

पुढच्या खेपेसाठी

फुशिमी इनारीला सगळेच जातात, क्योतो स्थानकापासून जेआरने दुसरंच स्थानक. ७११ सालापासूनचं स्थान, २३३ मीटरचा डोंगर आणि त्यावर सुमारे १० हजार नारिंगी तोरी. प्रत्येक तोरी कुणी ना कुणी अर्पण केलेली आहे. वर चढताना मागच्या बाजूने पाहा, देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली दिसते. इनारी हा भाताचा, भरभराटीचा कामी. कोल्हे म्हणजे इनारी नव्हेत, ते त्याचे दूत आहेत. रात्रंदिवस खुलं असतं, म्हणून पहाटे जा. पहिल्या बोगद्यातल्या गर्दीला कंटाळून लोक परत फिरतात, पण अर्ध्या तासाच्या चढणीनंतर वाट मोकळी होते.

इसे मात्र मन लावून करायची यात्रा आहे. तिथल्या नाइकूमध्ये सूर्यदेवी आमातेरासू, गेकूमध्ये अन्नाची देवी तोयोउके. रीतीप्रमाणे आधी गेकू, मग नाइकू. दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या चौथऱ्यावर तंतोतंत तशीच नवी वास्तू बांधून देवतेला तिथे नेतात. ही रीत ६९० सालापासून चालत आली आहे. ६२ वी वेळ २०१३ मध्ये झाली, पुढची २०३३ मध्ये. वास्तू जुनी राहत नाही, पण ती बांधण्याचं सुतारांचं ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जातं. तिथे शेवटच्या पायऱ्यांपुढे फोटो काढायला मनाई आहे. समोर पांढरा पडदा असतो, कधी वाऱ्याने हलतो, आणि बस्स.

कामाकुराजवळच्या एनोशिमात बेन्झाइतेन आहे. ती आपली सरस्वती, चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर आलेली. वीणेच्या जागी बिवा वाद्य, आणि पाण्याशी नातं तसंच टिकलेलं. इथे मूर्ती खरोखर पाहायला मिळते, त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांना मी इथे आवर्जून नेते.

टोकियोतल्या यासुकुनी जिंजाबद्दलही अनेक भारतीय विचारतात, कारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टोकियो युद्धगुन्हे खटल्यातले न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचं स्मारक २००५ साली तिथे उभारलं आहे. जायचं तर जरूर जा, पण तिथे युद्धात मेलेल्या सैनिकांबरोबर १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांचीही पूजा होते, आणि म्हणून चीन-कोरियात त्या जागेबद्दल तीव्र भावना आहेत, हे जाणून जा. १९४५ पर्यंत शिंतो सरकारच्या हातात होता आणि युद्धासाठी वापरला गेला. गल्लीतल्या जिंजाशी त्याचा संबंध जोडू नये, पण ते विसरूही नये.

सणांतला एकच सांगते. ३० जूनच्या सुमाराला पुष्कळ जिंजांत वेताएवढ्या उंच गवताचं माणसाहून मोठं कडं उभं करतात. त्यातून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं वळत, इंग्रजी आठाच्या आकारात फिरायचं. अर्ध्या वर्षाची मलिनता तिथे सोडायची. पाऊस असतो, गवताचा ओला वास असतो. पर्यटक फारसे नसतात आणि तुम्हालाही कुणीतरी हाताने वाट दाखवतं.

घराजवळचं जिंजा

प्रसिद्ध ठिकाणं झाली की राहत्या जागेजवळचं छोटं जिंजा शोधा. जपानच्या बहुतेक वस्त्यांत असतंच. आपल्या ग्रामदैवतासारखा त्या वस्तीचा राखणदार तिथे असतो. पुजारी रोज नसेल, कुंड कोरडं असेल. दारात दगडी कोमाइनुंची, म्हणजे सिंहासारख्या दिसणाऱ्या राखणदारांची, जोडी पाहा. एकाचं तोंड उघडं, 'अ' म्हणणारं, दुसऱ्याचं मिटलेलं, 'उन्' म्हणणारं. संस्कृत वर्णमालेचा पहिला आणि शेवटचा ध्वनी बौद्ध धर्माबरोबर इथवर आला आणि दगडात बसला. एखाद्या झाडाला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर आणि नागमोडी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बांधलेल्या दिसतील. तिथे कामी आहे, त्या झाडाला टेकू नका.

निघताना तोरीबाहेर आल्यावर मागे वळा आणि पुन्हा एकदा वाका. नवीन माणसं नेमकं हेच विसरतात. आई दुसऱ्यांदा आली तेव्हा सकाळी मी डबा भरेपर्यंत ती एकटीच कोपऱ्यावरच्या जिंजात जाऊन यायची. एकदा खिडकीतून पाहिलं, ती रस्त्याच्या पलीकडे पोचली होती. तिथून ती परत तोरीपर्यंत आली, वाकली, आणि मग सिग्नलला जाऊन उभी राहिली.